झाडांच्या पाण्याचा जमाखर्च

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की देशभर वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा पाडली, तेव्हापासून हा परिपाठ अखंड चालू आहे. महाराष्ट्राने तर २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. अशा मोहिमांवर होणारी टीका बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: लावलेल्या रोपांपैकी जगली किती? प्रश्न रास्त आहे. पण अपुरा आहे. जी जगली, ती कोणाचे पाणी पिऊन जगली, हा त्याच्या पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कोकणात तो विचारला नाही तरी चालेल. परंतु जेथे वर्षाकाठी पाचशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्या अवर्षणप्रवण प्रदेशात हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

झाडाचा व्यवहार

झाडाच्या वाढीचा व्यवहार समजण्यास सोपा आहे. हवेतील कर्बवायू घेण्यासाठी पानाला आपली पर्णरंध्रे उघडावी लागतात आणि ती उघडताच आतील पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. कर्बवायूचा एक कण मिळविण्यासाठी पाण्याचे शेकडो कण द्यावे लागतात. लाकूड हे अशा रीतीने पाणी मोजून विकत घेतलेले असते. हा खर्च मात्र ठरावीक नसतो. जमिनीत किती ओल आहे, हवा किती कोरडी आहे आणि मुळांना किती खोल जाता येते, या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो. जमीन ओली असताना हवा कोरडी झाली, तर खर्च वाढतो. जमिनीतील ओल आटू लागली की झाड पर्णरंध्रे आखडून काटकसर सुरू करते. ही काटकसरही एका मर्यादेपर्यंतच साधते. रंध्रे फार काळ मिटली तर उपासमार. उघडी ठेवावीत तर खोडातील पाण्याचा ताणलेला धागा तुटून जलवाहिन्यांत हवा शिरण्याची भीती.

साग, सालई, धावडा, पळस हे आपल्या कोरड्या रानांतील वृक्ष उन्हाळ्याच्या तोंडी पाने का टाकतात, याचे उत्तर या पेचात आहे. ज्या ऋतूत मिळकत नाही, त्या ऋतूत खर्चाची बाजूच बंद करण्याचा तो शहाणपणा आहे. बारमाही हिरव्या, झपाट्याने वाढणाऱ्या झाडांना तो परवडत नाही. त्यांची वाढ वर्षभर चालते, म्हणून त्यांचा खर्चही वर्षभर चालतो.

कोलारचा धडा

या तत्त्वाची कसोटी आपल्या शेजारच्या राज्यात लागलेली आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने कर्नाटकात सामाजिक वनीकरणाचा मोठा कार्यक्रम राबविला गेला आणि कोलार, तुमकूर, बंगळूर या जिल्ह्यांत निलगिरीची लागवड पसरली. १९८३ साली तुमकूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेतील निलगिरीची रोपे उपटून टाकली. निलगिरी पाणी शोषते, असा त्यांचा आक्षेप होता. तर हा निव्वळ गैरसमज आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. पुढे ब्रिटनमधील जलविज्ञान संस्थेने कर्नाटकातील संस्थांच्या सहकार्याने प्रत्यक्ष मोजमापे केली. त्यांचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना विचारात पाडणारे होते.

जेथे माती सुमारे तीन मीटर खोल होती, तेथे निलगिरीने स्थानिक पानझडी जंगलापेक्षा अधिक पाणी वापरले नाही. दोघांचाही वापर जवळजवळ वर्षाच्या पावसाइतका, म्हणजे नाचणीसारख्या पिकाच्या सुमारे दुप्पट होता. परंतु बंगळूरजवळ होसकोटे येथे माती आठ मीटरपर्यंत खोल होती, तेथे मात्र मोजणीच्या तीन वर्षांत निलगिरीने पडलेल्या पावसापेक्षाही कितीतरी अधिक पाणी उचलल्याचे आढळले. हे जादा पाणी आले कोठून? तरुण झाडांच्या मुळांनी खोल मातीत साठलेली पूर्वीच्या वर्षांची ओल गाठली होती. सारांश, व्याज संपल्यावर झाड मुद्दलाला हात घालत होते. झाड एकच, पण मातीची खोली बदलली आणि सगळा हिशेब बदलला.

कोलारच्या आजच्या दुर्दशेचे सारे खापर निलगिरीवर फोडणे अन्यायाचे होईल. हजार फुटांखाली गेलेल्या विंधन विहिरींचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि २०१७ साली कर्नाटक सरकारला निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घालावी लागली, ही गोष्ट बोलकी आहे.

मुद्दलाला लागलेला हात सहजासहजी भरून निघत नाही, हे दक्षिण आफ्रिकेतील एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. तेथे मोकोबुलान या गवताळ पाणलोटात १९६९ साली निलगिरी लावण्यात आली. पाऊसमान आपल्या दुष्काळी भागाहून पुष्कळ चांगले असूनही नवव्या वर्षी ओढा पूर्णपणे आटला. सोळाव्या वर्षी सारी झाडे तोडली, तरी बारमाही प्रवाह परतण्यास आणखी पाच वर्षे लागली. जमिनीने आधी आपली उसनवारी वसूल केली आणि मगच ओढ्याला पाणी दिले.

लाभ एकाचा, खर्च दुसऱ्याचा

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथेच मर्माचा मुद्दा येतो. लागवडीचा लाभ रोपे लावणाऱ्याच्या, लाकूड घेणाऱ्या कारखान्याच्या किंवा कर्बसाठ्याचे श्रेय मिळविणाऱ्याच्या पदरी पडतो. पाण्याचा खर्च मात्र उताराखालच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून वसूल होतो, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. केंद्र सरकारच्या हरित श्रेय योजनेत फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलेली पद्धत या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. स्थानिक हवामान व माती यांचा उल्लेख करूनही तीत हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. साधा गुणाकार करून पाहावा. एका झाडाच्या वाट्याला सुमारे नऊ चौरस मीटर जमीन येते. सहाशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात त्या तुकड्यावर वर्षाला साडेपाच हजार लिटर पाणी पडते. म्हणजे दिवसाला पंधरा लिटर. त्यातूनच वाहून जाणारे पाणी, उघड्या जमिनीवरील वाफ, गवत आणि भूजल यांचाही वाटा निघायचा. पूर्ण वाढलेल्या झाडाची भर पालवीतील गरज कित्येकदा याहून अधिक असते. २०२५ मध्ये ही पद्धत बदलून पाच वर्षांनंतर चाळीस टक्के छत्रघनतेची अट आली. जगलेल्या झाडांकडे लक्ष वळले, ही सुधारणाच होय. परंतु माळरानावर चाळीस टक्के छत्र धरण्यास लागणारे पाणी त्या पाणलोटात आहे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

याचा अर्थ दुष्काळी भागात झाडे लावूच नयेत, असा मुळीच नाही. बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकेतील देशात झालेले आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन वेगळीच वाट दाखविते. तेथे विरळ झाडांच्या रानात भूजलाचे पुनर्भरण सर्वाधिक होऊ शकते, असे दिसून आले. झाडाच्या मुळांमुळे व पाचोळ्यामुळे माती भुसभुशीत होऊन पाणी अधिक मुरते. झाडे मोजकी असतील तोवर हा लाभ त्यांच्या पिण्यापेक्षा मोठा ठरतो. गर्दी होताच पिणे वरचढ होते. झाड शत्रू नाही आणि सर्वत्र सारखाच मित्रही नाही. किती झाडे, कोणती आणि कोणत्या मातीत, यावर सारे अवलंबून आहे.

हा विचार यापुढे अधिकच निकडीचा होणार आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस तेवढाच राहिला, तरी हवेची तहान वाढत जाते. काल ज्या पाण्यात एखादे रान तगून राहिले, त्याच पाण्यात ते उद्या तगेलच, असे गृहीत धरता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या जलकायद्यात व्यापारी वनलागवडीची गणना प्रवाह घटविणाऱ्या व्यवहारांत केली आणि तिच्यासाठी परवाना आवश्यक ठरविला. आपल्याकडे धरणातील पाण्याच्या वाटपावरून गावे, जिल्हे आणि राज्ये भांडतात. पण हजारो हेक्टरांवरील लागवड हेही पाण्याचे वाटपच आहे, याची जाणीव ना शासनाला आहे ना समाजाला. लागवडीआधी मातीची खोली मोजावी, खालच्या विहिरींची पातळी नोंदवावी, दाटी टाळून पानझडी स्थानिक जातींना प्राधान्य द्यावे आणि जेथे मुळातच गवताळ माळ आहे, तेथे गवतच राहू द्यावे. यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते रोपांच्या आकड्यांचा मोह सोडणे. त्या आकड्यांशेजारी पाण्याचा रकाना जोवर उघडला जात नाही, तोवर डोंगरावरील हिरवळीची किंमत पायथ्याची विहीर निमूटपणे मोजत राहील.