खाऱ्या हवेचा हिशेब पाटीवर हवा

संपादक महोदय,


आपल्या रविवार पुरवणीतला टिकाऊ वस्तूंवरचा लेख वाचला. स्वस्तातली वस्तू दोनदा घ्यावी लागते, तेव्हा चार पैसे जास्त घालून नामांकित कंपनीचीच घ्यावी, असा त्याचा सूर आहे. पुण्यात बसून हा सल्ला ठीक आहे. आम्ही रेवदंड्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. इथे वस्तूची किंमत आणि तिचे आयुष्य यांची सांगड बसेलच असे नाही. ती का बसत नाही, हे कंपनी सांगत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. माझा आक्षेप या न सांगण्याला आहे.

पत्र्याचेच घ्या. गिऱ्हाईक दुकानात जाते आणि विचारते, किती जाडीचा? जस्त किती, असे विचारणारा विरळा. खरे तर लोखंडाला वाचवणारा तो जस्ताचा मुलामाच. तो दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असा मोजतात. १२० ग्रॅमचा पत्रा असतो तसा २७५ ग्रॅमचाही असतो, आणि दुरून दोन्ही सारखेच चकाकतात. १२० ग्रॅम म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन जस्त, २७५ म्हणजे एकोणीसच्या आसपास. आता दुसरा आकडा. हवा धातूला किती खाते याची जी आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे, तिच्यात अतितीव्र समजल्या जाणाऱ्या सागरी हवेत जस्त वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन झिजते. भागाकार ज्याचा त्याने करावा. वर रंग नसेल, तर पहिल्या पत्र्यावरचे जस्त एक-दोन पावसाळ्यांत संपते. दुसऱ्यावरचे त्याच्या दुपटीहून थोडे अधिक पुरते. हाच १२० ग्रॅमचा पत्रा सोलापूरच्या कोरड्या हवेत कितीतरी वर्षे टिकेल. मग तो टिकाऊ म्हणायचा की नाही? कुठे लावणार, हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडची किती छपरे उडाली, ते सर्वांनी पाहिले. वाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे झालो. पण वाडीत येऊन पडलेले पत्रे ज्यांनी उचलले, त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल: बरेच पत्रे अखंड होते, त्यांना धरून ठेवणारे हूक मात्र गंजून सुतळीएवढे झाले होते. पत्र्यावर हजारो रुपये घालायचे आणि हूक-वायसर मिळेल तो घ्यायचा, ही आपली खरेदीची रीत. छपराचे आयुष्य त्या चार आण्याच्या तुकड्यावर ठरते.

स्टेनलेस स्टीलबद्दल तर गैरसमजांचा बाजार आहे. लोहचुंबक लावून पाहतात. चिकटले नाही की माल अस्सल. निकेल वाचवून त्याऐवजी मँगनीज घातलेले २०० मालिकेतले स्वस्त स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे ही परीक्षा निकामी. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. घरातल्या भांड्यांना ते उत्तम, पण समुद्राकडे तोंड केलेल्या कठड्याला तेही पुरत नाही, तपकिरी डाग धरतेच. तिथे ३१६ लागते, ज्यात खाऱ्याला तोंड देण्यासाठी दोनेक टक्के मॉलिब्डेनम असते. अलिबागच्या आसपास मुंबईकरांनी बांधलेल्या महागड्या बंगल्यांचे कठडे जवळ जाऊन पाहावेत. पैसे कमी पडले म्हणून ते डागाळलेले नाहीत.

यावर जुन्या वस्तूंचे गोडवे गाणारे लगेच म्हणतील, मंगलोरी कौलेच बरी होती. होती खरी, मातीला गंज नाही, आणि एक फुटले तर एकच बदलायचे. पण दरवर्षी पावसाआधी घर शाकारायला माणूस मिळत नाही, आणि वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की शाकारलेले सगळे वाया. लोकांनी पत्रे काही हौसेने घातलेले नाहीत.

आता दुरुस्ती. प्रेशर कुकर घरोघरी वर्षानुवर्षे चालतो, कारण त्याची रबरी रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, दांडा, शिट्टी हे सगळे तालुक्याच्या बाजारात सुटे मिळते आणि घरच्या घरी बसवता येते. साध्या पंख्याचेही तसेच. कंडेन्सर बदला, बेअरिंग बदला, जळला तर वाइंडिंग करून आणा. नव्या बीएलडीसी पंख्याला साधारण ३० वॅट लागतात, जुन्याला ७५; दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटे वाचतात. हा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याच्या पोटात सर्किटचा पट्टा असतो. तो खाऱ्या दमट हवेने किंवा विजेच्या झटक्याने गेला की इथला मिस्त्री हात वर करतो आणि कंपनीचा माणूस पनवेलहून यायचा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाले. वीज किती लागेल हे त्यावरून कळते; तो पट्टा किती वर्षे बाजारात मिळेल, हे कळत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केले. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे असा निर्देशांक आणायची चर्चा आहे, तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाची सूचना आताच नोंदवून ठेवतो. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे वेष्टनावर छापा. आणि पत्रा, बिजागरी, नळ, पंप, एसीचे बाहेरचे यंत्र अशा वस्तूंवर समुद्रकाठी चालेल की नाही, एवढे तरी लिहा. औषधावर मुदत छापता येते, तर यात अवघड ते काय?

तोवर सरकारी खरेदीपासून सुरुवात करता येईल. किनाऱ्यावरची बाके, दिव्यांचे खांब, जेटीचे कठडे बुडापासून गंजून पडतात, नवे येतात, तेही पडतात. निविदेत नुसते 'स्टेनलेस स्टील' किंवा 'जीआय' (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड) न लिहिता स्टीलची जात आणि जस्ताचे ग्रॅम लिहावेत, आणि बिल देण्याआधी माल तपासून घ्यावा. आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या किनारी ग्रामपंचायतींच्या आणि नगरपरिषदांच्या गेल्या काही वर्षांतल्या अशा निविदा मागवून पाहाव्यात. त्यांतल्या किती निविदांत हे दोन तपशील आहेत, ते आपण छापाल का?

आपला,
एक वाचक
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड