‘वऱ्हाड’ लिहून दाखवा: भौमितिक देवनागरीविषयी एक वाद

१/ शिकवणी वर्ग, मंगल कार्यालय, वाढदिवसाचा फ्लेक्स: अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर आता चौकोनी, यंत्राने कापल्यासारखी देवनागरी दिसते. तिच्यावर संतापणारे म्हणतात, ही अक्षरे परकी. खरे अक्षर बोरूचे. हा दावा इतिहासापुढे टिकत नाही.

२/ देवनागरी कोणत्याही एका साधनाची मिरासदारी कधीच नव्हती. छिन्नीने तिला कोन दिले, बोरूने जाड-बारीक वळण दिले, एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागरने तिला शिशाच्या खिळ्यांत बसवले. ज्या छपाईला आपण आज ‘पारंपरिक’ म्हणून हळहळतो, ती त्या काळची नवी यंत्रविद्याच होती. रिद्धपूर ज्यांचे तीर्थ, त्या महानुभावांनी तर ग्रंथरक्षणासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या घडवल्या. नव्या अक्षराचे भय निदान वऱ्हाडाने बाळगू नये.

३/ मात्र ‘भौमितिक म्हणजे आधुनिक’ हा उलट बाजूचा घोषही तितकाच पोकळ. पाउल रेनरचा फ्युचुरा १९२७चा. १९६९मध्ये अपोलो-११ने चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरही तोच. हे ‘भविष्य’ शंभरीला टेकले आहे!

४/ अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘राजधानी’ (२०१४) पाहा. चौकोनी सांगाडा, गोलसर कोपरे, विनामूल्य उपलब्ध. मथळ्याला आणि फलकाला तो शोभतो. परिच्छेदाला अशी अक्षरे लावू नयेत, कारण घ-ध, भ-म यांतला भेद मुळात एका गाठीचा किंवा शिरोरेषेतल्या एका फटीचा. सगळी अक्षरे एकाच चौकटीत कोंबली की लहान आकारात तो भेदच प्रथम बुजतो.

५/ खरी कसोटी आपल्या प्रदेशाच्या नावातच आहे. ‘वऱ्हाड’मधला र रफार नव्हे, तो ह-च्या डावीकडे आडवा बसतो. ‘वर्हाड’ हे अशुद्ध. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हिंदीला या चिन्हाची गरज नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या टंकात ते उपेक्षित राहण्याचा धोका असतो. त्यातून ते मुळात वक्र. सरळ रेषांच्या कुळात त्याला जागा शोधणे हेच आरेखकाचे खरे काम. ठळक वजनात ते ह-ला चिकटले की अक्षराचा नुसता ठोकळा होतो.

६/ ल आणि श यांचेही तेच. पाकळीचा ल, देठाचा श ही मराठीची रूपे; महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ती प्रमाण ठरवली. तरीही मराठी शाळांच्या फलकांवर हिंदी वळणाचा ल बिनदिक्कत झळकतो, आणि बोरूसाठी गळा काढणाऱ्यांना तो खटकतही नाही. (शाईचा एवढा कळवळा, रूपाचा नाही!)

७/ तेव्हा वाद बोरू विरुद्ध संगणक असा नाहीच. फलक छापायला देण्याआधी निवडलेल्या टंकात तीन शब्द उमटवून घ्या: वऱ्हाड, आचाऱ्यांना, शाळेला. एकही चुकला तर तो टंक नाकारा, मग तो कितीही भविष्यवेधी दिसो.