बिनधुराचा विस्तव

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील थंडी आपलें खरें स्वरूप दाखवूं लागते. निफाडकडून येणारीं मुलें कानाला मफलर गुंडाळूनच वर्गांत बसतात, आणि पहिल्या तासाला कोणाच्या हातांत पेन धड धरवत नाहीं. अशा दिवसांत घरोघर दारें-खिडक्या लागतात, फटींत चिंध्या कोंबल्या जातात, व निजावयाच्या खोलींत कोठें शेगडी, कोठें घमेल्यांतील निखारे येऊन बसतात. या शेगडीविषयीं चार शब्द लिहावे असें गेलीं कांहीं वर्षें मनांत होतें. परंतु हात धजत नव्हता, कारण त्यांत माझ्याच अपराधाची कबुली द्यावी लागणार होती. ती आतां देतों.

मी शाळेंत विज्ञान शिकवितों. कार्बन मोनॉक्साइड हा वायु वर्णहीन, गंधहीन व विषारी असून प्राणवायूचा पुरवठा अपुरा असतां कोळसा, लांकूड किंवा तेल जळाल्यास तो उत्पन्न होतो, हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. परीक्षेंत तें ज्यानें बरोबर लिहिलें त्याला पूर्ण गुण दिले. 'गंधहीन' हा शब्द ज्यानें गाळला त्याचा अर्धा गुण कापला. आणि त्याच मीं, २०१८ सालच्या डिसेंबरांतील एका रात्रीं, माझ्या वृद्ध आईच्या उशाजवळ कोळशाची शेगडी नेऊन ठेविली.

तिचे सांधे थंडीनें धरले होते. शेगडी मीं अंगणांत पेटविली, कोळसा चांगला फुलूं दिला, धूर पूर्ण सरला, तेव्हांच ती आंत आणिली. एवढी सावधगिरी घेतल्याबद्दल मला थोडा अभिमानही वाटला. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. धाकटी मुलगी आजीजवळ निजत असे. पहांटेच्या सुमारास ती पाणी पिण्यासाठीं म्हणून उठली आणि दार उघडून उंबऱ्यावरच कोसळली. तिला वांती होत होती. आईस हांका मारल्या, हलविलें, पण ती डोळे उघडीना. मला प्रथम काय वाटलें असेल? रात्रींचें अन्न बाधलें! मी औषधाची पेटी शोधीत होतों. पत्नीनें मात्र एक शब्द न बोलतां शेगडी उचलून अंगणांत नेली, खिडकीच्या घड्या उपसून टाकिल्या, आणि मग म्हणाली, "अहो, तुम्हीच ना मुलांना हें शिकवितां?"

मुलगी मोकळ्या हवेंत तासाभरांत सावरली. आईस रुग्णालयांत दिवसभर नाकातोंडाला लावून प्राणवायु द्यावा लागला. ती दुपारीं शुद्धीवर आली, घरीं परतली. पण पुढें कित्येक आठवडे ती नातीला माझ्या बहिणीच्या नांवानें हांक मारी, आणि एकदां साखर घातलेल्या चहांत पुन्हां साखर घाली. या विषाचा परिणाम असा मागाहूनही मेंदूवर दिसतो, हें डॉक्टरांनीं समजावून सांगितलें. हळूहळू बरेंच परत आलें. सगळें परत आलें असें मी म्हणणार नाहीं.

त्यानंतर मी स्वतःशीं पुष्कळ विचार केला कीं, जें मला पाठ होतें तें मला वेळेवर कळलें कसें नाहीं? मला सुचलेलें उत्तर असें आहे. आमच्या वाडवडिलांनीं विस्तवाची परीक्षा धुरावरून केली. लांकडाची चूल पेटली कीं डोळे चुरचुरत, खोकला येई, घरधनीण आपोआप दार उघडी. धूर हा घरांतला पहारेकरी होता. मोठा दांडगा व त्रासदायक पहारेकरी खरा, त्यानें कित्येक मायबहिणींचे डोळे व छाती खाल्ली, आणि तो गेला याबद्दल मला तिळमात्र दुःख नाहीं. २०१६ पासून सरकारी योजनेनें खेडोपाडीं गॅसची शेगडी पोंचूं लागली तें उत्तमच झालें. परंतु पहारेकरी गेला तरी चोर गेलेला नाहीं. फुललेल्या कोळशाला धूर नसतो, गॅसला नसतो. आणि 'धूर नाहीं म्हणजे भय नाहीं' ही जुनी खूण आम्ही तशीच मनांत बाळगून आहों. किंबहुना राखेखालीं धुमसणारा निखारा, जो आपणांस जवळजवळ विझल्यासारखा दिसतो, तोच हवा अपुरी मिळत असल्यामुळें हा वायु अधिक सोडतो.

गॅसच्या बाबतींत तर एक गंमत आहे. सिलिंडरांतील वायूला मुळांत वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाचें एक दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे तेथें मनुष्यानें नवा पहारेकरी नेमिला. पण तोच गॅस कोंदट जागेंत अर्धवट जळाला म्हणजे तें द्रव्यही जळून जातें, आणि उरतो तो वास नसलेला, रंग नसलेला शत्रु.

तो करतो काय, हें एका लहानशा गणितानें समजतें. रक्तांतील हिमोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायु उचलून सर्व अंगास पोंचवितें. या द्रव्याची ओढ प्राणवायूपेक्षां कार्बन मोनॉक्साइडकडे दोनशेंहून अधिक पट आहे. आपण २१० धरूं. हवेंत प्राणवायु शेंकडा २१. आतां हजार भाग हवेंत या विषाचा एकच भाग मिसळला, म्हणजे शेंकडा ०.१ झाला, त्यास २१० नें गुणावें तर बरोबर २१ येतात. अर्थात् तो एक क्षुद्र भाग हवेंतील सर्व प्राणवायूच्या तोडीस तोड उभा राहतो, आणि कांहीं तासांत रक्तांतील निम्मी जागा बळकावून बसतो. मनुष्य श्वास घेत असतो, छाती हलत असते, आणि आंत शरीर गुदमरत असतें. प्रथम डोकें दुखतें, घेरी येते, मळमळतें, हातापायांतील शक्ति जाते. निजलेल्यास यांतलें कांहींच कळत नाहीं. तो झोंपेंतून थेट बेशुद्धींत जातो.

खाणींतील लोकांना हें आधीं उमगलें. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १८९६ सालच्या आपल्या अहवालांत दाखवून दिलें कीं, कोळशाच्या खाणींत स्फोट झाल्यावर मजूर मरतात ते बहुतेक ज्वालेनें नव्हे, तर मागें राहिलेल्या या वायूनें. लहान प्राण्यास विष मनुष्याच्या आधीं बाधतें, म्हणून त्यानें खाणींत असे प्राणी नेण्याचें सुचविलें. पुढें पिंजऱ्यांतील कॅनरी पक्षी नेण्याचा प्रघात पडला, तो ब्रिटनमध्यें १९८६ पर्यंत चालू होता. पक्षी दांडीवरून पडला कीं माणसें मागें फिरत. घराला मात्र असा पक्षी कोणी दिला नाहीं. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ सालीं पॅरिस येथील आपल्या राहत्या घरीं, तुंबलेल्या धुराड्यामुळें खोलींत सांचलेल्या याच वायूनें वारला. एवढा चौकस लेखक, पण शेकोटीच्या धुराड्यांत काय अडकलें आहे हें त्याला कसें दिसावें?

दूरचें राहूं द्या. २०२० सालच्या जानेवारींत केरळांतून नेपाळांत सहलीस गेलेलीं आठ माणसें दामन येथील एका खोलींत निजलीं. थंडी कडाक्याची म्हणून गॅसचा हीटर लावलेला, दारें-खिडक्या आंतून बंद. त्या आठांत चार मुलें होतीं. सकाळीं कोणी उठलें नाहीं. हें वृत्त मीं वर्तमानपत्रांत वाचलें तेव्हां आमच्या त्या रात्रीस अवघें एक वर्ष लोटलें होतें. मुलगी पाणी प्यावयास उठली नसती तर, हा विचार मीं त्या दिवशीं पुरा होऊं दिला नाहीं.

आतां शेगडीपेक्षांही ज्याची मला अधिक धास्ती वाटते तो न्हाणीघरांतील गॅसचा गीझर. शहरांतील नव्या इमारतींत न्हाणीघर म्हणजे चार हात लांब, तीन हात रुंद अशी पेटी. तिला एक झरोका, आणि तोही डांस येतात किंवा वारा लागतो म्हणून कोणी पुठ्ठ्यानें बुजविलेला. त्या पेटींत गीझर दहा-पंधरा मिनिटें जळत राहतो व आंतला माणूस कडी लावून स्नान करीत असतो. बाहेरच्यांना वाटतें, आज उशीर लागला. घर बांधणारा संगमरवरी फरशीचें कौतुक सांगतो, गीझर बसविणारा सोयीची भिंत पाहतो, आणि हवा कोठून येणार हें विचारण्याचें काम कोणाचेंच नसतें. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, जळणारा गीझर न्हाणीघराच्या आंत असूंच नये. तो बाहेर उघड्या सज्जांत बसवावा व गरम पाणी नळीनें आंत आणावें. हें जोंवर होत नाहीं तोंवर दार उघडें ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, आणि मगच दार लावून स्नानास बसावें. हवा बाहेर फेंकणारा पंखा असला तरी नवी हवा आंत येण्यास वाट नसेल तर त्यावर भरंवसा ठेवूं नये.

यावर मला मिळणारें ठरीव उत्तर, "आमच्या आजोबांनीं जन्मभर शेगडीजवळ झोंप काढली, त्यांना कांहीं झालें नाहीं." मान्य. पण आजोबा कौलांखालीं निजत होते. त्या कौलांतून चांदणें दिसे, दाराखालून मांजर ये-जा करी. आपण घर बदललें, वर सिमेंटचें छत घातलें, खिडक्यांना सरकत्या कांचा बसविल्या, आणि संवय मात्र आजोबांचीच ठेविली. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, व त्याला उत्तर देतांना जीभ जड होते. बांधकामावर पत्र्याच्या खोलींत राहणारें कुटुंब, किंवा रात्रपाळीचा रखवालदार, याला शेगडी सोडून ऊब दुसरी कोठली? त्याला 'खिडकी उघडी ठेव' असें गोधडींत बसून सांगणें सोपें आहे. तथापि त्यालाही सांगितलेंच पाहिजे कीं, निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर काढ. आणि आपल्यापैकीं ज्याच्या घरीं जास्तीची घोंगडी आहे त्यानें ती सांगण्याबरोबर द्यावी.

इतर आगीविषयीं सर्वांना बरेंच ठाऊक आहे. येथें थोडक्यांत लिहितों. गॅसचा वास आला तर विजेचें बटण लावूं नये आणि लावलेलें बंदही करूं नये, कारण दोन्ही वेळीं ठिणगी उडते. रेग्युलेटर बंद करावा, दारें उघडावीं, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. तो गॅस हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरतो. तापल्या तेलानें पेट घेतला तर पाणी ओतूं नये, वर ताट झांकावें. विझत्या निखाऱ्यावर रॉकेल ओतणारास मात्र काय म्हणावें हें मला कळत नाहीं.

प्रसंग आलाच तर काय करावें हें सांगितलें पाहिजे. घरांतील सर्वांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें आणि बाहेर गेल्यावर उतरलें, तर तें पित्त समजूं नये. कोणी बेशुद्ध आढळल्यास दम धरून आधीं दारें-खिडक्या उघडाव्या व त्यास बाहेर ओढावें. आंत थांबून हांका मारीत बसणारा दुसरा बळी ठरतो. मग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि डॉक्टरांस खोलींत विस्तव होता हें न विसरतां सांगावें. २०२० च्या सांथींत घरोघर आलेलें बोटाला लावण्याचें यंत्र येथें फसवितें, कारण विषानें व्यापलेलें हिमोग्लोबिनही त्यास प्राणवायूनें भरलेलें भासतें. आंकडा ९८ दिसला म्हणून स्वस्थ बसूं नये. साध्या हवेंत हें विष निम्मे उतरण्यास चार-पांच तास लागतात, शुद्ध प्राणवायु मिळाला तर तास-दीड तास. या वायूची सूचना देणारें लहान यंत्रही आतां विकत मिळतें. धुराची सूचना देणारें यंत्र निराळें, हें घेतांना पाहावें. ज्यांच्या घरीं गीझर आहे त्यांनीं मोबाइलच्या किंमतीशीं त्याची किंमत एकदां ताडून पाहावी.

माझ्या वर्गांत आतां या धड्यावर व्याख्या विचारीत नाहीं. मुलांनीं घरीं जाऊन ज्योत कोठें कोठें जळते, व त्या जागीं हवा कोठून येते, एवढें पाहून वहींत लिहून आणावें असा गृहपाठ असतो. गेल्या हिवाळ्यांत एका मुलीनें लिहिलें होतें, 'आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यांत प्लास्टिकची पिशवी होती. बाबांनीं काढली. आई म्हणते, आतां थंडी वाजते.' त्या वहीवर मीं गुण न देतां नुसती सही केली. काय लिहावें तें सुचेना.

आमची शेगडी अजून आहे. संध्याकाळीं ती ओट्यावर पेटते आणि आई शाल पांघरून तिच्याशीं हात शेकीत बसते. नऊ वाजले कीं ती स्वतः तांब्याभर पाणी मागून घेते, निखाऱ्यांवर ओतते, चर्र आवाज पुरता थांबेपर्यंत पाहते, आणि मग मला विचारते, "खिडकी उघडी आहे ना रे?"