पहिल्यांदा जाणाऱ्याचा विमानतळ

द्वितीय वर्ष, कला

'सुखसोय' हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की त्यात दोन निराळे शब्द आहेत, हेच विसरून जातो. सोय ही वस्तू आहे. ती विकत आणता येते, भिंतीवर बसवता येते, तिचे उद्‌घाटनही करता येते. सुख मात्र माणसाच्या मनात उतरावे लागते. विमानतळांविषयी जे छापून येते ते बहुतेक सोयींविषयीच असते. २०१४ साली मुंबई विमानतळाची नवी इमारत सुरू झाली, तेव्हा तिच्या मोरपिशी छताचे आणि भिंतींवरील कलाकृतींचे कौतुक झाले. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईहून प्रवासी विमाने उडू लागली, तेव्हा कमळाच्या घाटाच्या खांबांची छायाचित्रे घरोघरी पाहिली गेली. हे कौतुक रास्तच आहे. परंतु या छताखाली आणि खांबांशेजारी जो उभा राहतो, त्या प्रवाशाला बरे कशाने वाटते, हा प्रश्न उरतोच.

माझे उत्तर एका शब्दाचे आहे: निर्धास्तपणाने. आपण योग्य ठिकाणी उभे आहोत, पुढे काय करायचे ते वेळेवर कळेल आणि अडले तर विचारायला माणूस आहे, या तीन गोष्टींची खात्री ज्याला पटली, तो लाकडी बाकावरही सुखी असतो. ज्याला ती पटली नाही, त्याला मखमली खुर्चीही टोचते.

येथे कोणी विचारील, "तू विमानात किती वेळा बसलीस?" एकदाही नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली आणि विमानाची पायरी चढलेला माझा मामा पहिला. तो आखातात फिटर आहे. पण मला वाटते, या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार पहिल्यांदा जाणाऱ्याचाच आहे. महिन्यातून चारदा उडणाऱ्या साहेबांना विमानतळ अंगणासारखा पाठ असतो. त्यांना तेथे काय कमी आहे हे जाणवणार कसे? पायरी उंच आहे की नाही हे लहान मुलालाच कळते, मोठ्या माणसाला ती दिसतसुद्धा नाही.

मामा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी आणि आजी त्याला पोचवायला एका मोठ्या शहराच्या विमानतळावर गेलो होतो. तिकीट कर्ज काढून घेतलेले. विमान पहाटे अडीचचे, आणि आम्ही संध्याकाळी सातलाच हजर. कारण उशीर होण्याची भीती गरिबाला अधिक असते. तिकीट असलेल्यालाच आत जाता येते, असा आपल्या देशात नियम आहे. सुरक्षेसाठी तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दाराबाहेर आजीला टेकायला बाक नव्हता. सत्तरीची ती बाई फुटपाथच्या कडेला बॅगेवर बसून राहिली. लेकाला निरोप देण्याची जागा म्हणजे दोन मोटारींच्या मधली वीतभर फट.

पुढे फोनवर मामाने आतली हकिगत सांगितली. "गारवा होता, फरशी आरशासारखी, खुर्च्याही मऊ. पण बसवेना गं. कोणीतरी म्हणालं, गेटचा नंबर ऐनवेळी बदलतो. म्हणून मी त्या पाटीखालीच उभा राहिलो." मी विचारले, "मामा, चहा तरी घेतलास का?" त्यावर तो नुसता हसला. चहाची किंमत ऐकून तो मागे फिरला होता. पासपोर्ट त्याने शेवटपर्यंत हातातून सोडला नाही. विचार करा, त्या इमारतीत कोणती सोय नव्हती? सगळ्या होत्या. नव्हता तो निर्धास्तपणा.

हा निर्धास्तपणा नशिबाने मिळत नाही, तो घडवावा लागतो. जगात काही ठिकाणी तो विचारपूर्वक घडवलेला आहे. पहिली गोष्ट पाट्यांची. १९६७ साली ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर बेनो विसिंग या आरेखनकाराने पाट्यांची एक शिस्तशीर पद्धत बसवली. तिथल्या पिवळ्या पाट्या पुढे जगभर आदर्श मानल्या गेल्या. पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ १९७४ साली सुरू झाला. त्याच्या पाट्यांसाठी आड्रिअन फ्रुटिगर या स्विस कलावंताने अक्षरांचे वळणच नव्याने तयार केले. हेतू इतकाच, की लांबून, तिरक्या बाजूने, सामान ओढत घाईने चालणाऱ्या माणसालाही अक्षर झटकन वाचता यावे. एक अक्षर सुवाच्य व्हावे म्हणून कलावंताने एवढा विचार करावा, याला मी प्रवाशाविषयीचा आदर म्हणते. आपल्याकडे पाटी मराठीत हवी, हे तर खरेच. पण भाषेइतकेच महत्त्व सलगपणाला आहे. पहिल्या पाटीने बोट धरले आणि पुढच्या वळणावर सोडून दिले, तर त्या पाटीचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट आवाजाची. आजकाल 'शांत विमानतळ' ही पद्धत जगभर रूढ होत आहे. मुंबईच्या विमानतळानेही २०१८ साली विमानात चढण्याविषयीच्या सततच्या घोषणा थांबवून प्रवाशांनी फलकांवर लक्ष ठेवावे, ही पद्धत स्वीकारली. थकलेल्या प्रवाशाच्या, तान्ह्या मुलाच्या दृष्टीने शांतता चांगली, हे मी नाकारत नाही. तथापि, ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याची नजर अधू आहे, त्याला ही शांतता भिववते. आपल्या एस.टी. स्टँडवर कर्णा खरखरतो, निम्मे शब्द कळत नाहीत, पण गाडी कुठल्या फलाटाला लागली हे आंधळ्यालाही समजते. मधला मार्ग अवघड नाही. सगळ्या इमारतीत शांतता असू द्यावी. मात्र ज्या गेटचे विमान असेल तेथे बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, लोकांच्या भाषेत सांगावे. एकाची झोप आणि दुसऱ्याचे विमान, दोन्ही वाचतील.

तिसरी गोष्ट घोटभर चहाची. विमानतळावर सगळे महागच असणार, असे आपण गृहीत धरतो. ते खरे नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या विमानतळावर दुकानदारांना गावातल्या दरानेच माल विकावा लागतो, असा तेथील नियम आहे. आपल्याकडेही डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाले. तेथे चहा १० रुपये, पाण्याची बाटली १० रुपये आणि समोसा २० रुपये असे दर ठेवले गेले. म्हणजे मनात आणले तर जमते. दहा रुपयांच्या चहाने प्रवाशाची केवळ तहान भागत नाही. 'ही जागा माझ्यासारख्यासाठीही आहे', असे तो चहा त्याला सांगतो.

मग ऐषआरामाला माझा विरोध आहे काय? मुळीच नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचे नाव या विषयात टाळता येणार नाही. तेथे फुलपाखरांची बाग आहे, आणि २०१९ साली सुरू झालेल्या 'ज्वेल' या इमारतीत ४० मीटर उंचीचा धबधबा छतातून कोसळतो. छायाचित्रे धबधब्याची निघतात. पण त्याच चांगीमध्ये पायाखाली गालिचे आहेत, त्यामुळे बॅगांच्या चाकांचा खडखडाट होत नाही. तेथील स्वच्छतागृहाबाहेर पडद्यावर बोट ठेवून प्रवासी स्वच्छतेविषयी मत नोंदवतो आणि त्यावरून सफाईची व्यवस्था हलते. माझ्या मते चांगीचे मर्म गालिच्यात आणि स्वच्छतागृहात आहे, धबधबा हा त्यावरचा तुरा. आपण मात्र अनेकदा तुरा आधी आणतो आणि डोके नंतर शोधतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: माणूस. डिसेंबर २०२२ पासून आपल्या देशात 'डिजीयात्रा' सुरू झाली. चेहरा दाखवला की दार उघडते. ज्यांच्यापाशी तसा मोबाइल आहे आणि तो वापरण्याची सवय आहे, त्यांचा वेळ वाचतो. पण यंत्र दार उघडते, धीर देत नाही. इंग्लंडमधील गॅटविक विमानतळावर २०१६ साली एक साधी कल्पना निघाली. ज्यांचे अपंगत्व वरून दिसत नाही, त्यांनी हवे असल्यास सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी फीत गळ्यात घालावी. ती पाहून कर्मचारी ओळखतात की या व्यक्तीला थोडा अधिक वेळ, थोडी अधिक मदत लागेल. पुढे ही कल्पना अनेक देशांत पसरली. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी आपल्याला असे काही करता येणार नाही का? गळ्यात फीत नको. आपल्या माणसाला त्याचा संकोच वाटेल. पण दारातून आत शिरताच एक टेबल, त्यावर 'पहिलाच प्रवास? येथे विचारा' अशी मराठी पाटी आणि मागे एक हसतमुख माणूस, इतके तरी होऊ शकते.

माणसाचे मोल किती, याचा दाखला कॅनडातील गँडर या गावाने दिला आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले आणि ३८ मोठी प्रवासी विमाने गँडरच्या विमानतळावर उतरवण्यात आली. सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या गावात साडेसहा हजारांहून अधिक परके लोक अचानक येऊन पडले. गावकऱ्यांनी शाळा उघडल्या, घरे उघडली, रांधून वाढले. संपावर असलेले शाळेच्या बसचे चालक संप बाजूला ठेवून प्रवाशांना नेण्यास आले. त्या दिवसांत गँडरला ना धबधबा होता ना फुलपाखरांची बाग. तरीही तेथे अडकलेले प्रवासी आजवर त्या गावाचे नाव कृतज्ञतेने घेतात. विमानतळाची खरी परीक्षा विमाने वेळेवर उडतात त्या दिवशी होत नाही, ती उडत नाहीत त्या दिवशी होते.

हे सारे करायला पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारतील. मी उलट विचारते: बाहेर दोन डझन बाक, पिण्याच्या पाण्याचा नळ, सलग पाट्या, स्वस्त चहाचे एक दुकान आणि मदतीला चार माणसे, यांचा खर्च एका संगमरवरी दालनापेक्षा जास्त असेल काय? अडचण पैशाची नाही, ती नजरेची आहे. प्रवासी म्हटला की कोण डोळ्यांपुढे येते, यावर इमारत ठरते. आपल्या एस.टी.ने 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद स्वीकारले. तिच्या स्टँडवर सोयी तोकड्या असतील, पण तेथे पाऊल टाकताना आमच्या आजीचे पाय अडखळत नाहीत. विमानतळाने एस.टी.कडून शिकावे ते हे, आणि एस.टी.ने विमानतळाकडून स्वच्छता शिकावी.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण उद्या नोकरीला लागतील. कोणी विमान कंपनीच्या काउंटरमागे उभे राहील, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी होईल, कोणी बँकेच्या खिडकीत बसेल. समोर कोणीतरी कागद घट्ट धरून, विचारू की नको अशा मनःस्थितीत येईल. त्याने विचारण्याआधी आपणच "या, काय हवंय?" म्हणावे. यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही, आणि निविदाही काढावी लागत नाही.