भिंतीवरील चौकट

मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें झाल्यास घरांतील वडील मंडळी तीन पिढ्यांची चौकशी करितात. परंतु त्याच मुलीची नाडी ज्याच्या हातीं द्यावयाची, त्या डॉक्टराच्या भिंतीवर पदवीपत्राची चौकट दिसली कीं आपण निर्धास्त होतों. ह्या चौकटीस विश्वासपात्र करणें किती कठीण असतें, हें अमेरिकेच्या इतिहासावरून दिसतें.

एकोणिसाव्या शतकांत तेथें वैद्यक शिकविणें हा बहुतेक ठिकाणीं खाजगी व्यापार होता. फिलाडेल्फिया शहरांत जॉन ब्युकॅनन नांवाचा गृहस्थ विद्यालयाच्या नांवाखालीं पदव्याच विकीत असे. १८८० सालीं जॉन नॉरिस ह्या वृत्तपत्रकारानें स्वतः अशा पदव्या विकत घेऊन त्याचें बिंग फोडलें. ब्युकॅननने नदींत बुडून मेल्याचें सोंग केलें. पण अखेर तो पकडला गेलाच.

पुढें निरनिराळ्या संस्थानांनीं परवान्याचे कायदे केले. वेस्ट व्हर्जिनियांतील डेंट ह्यांनीं अशा कायद्याविरुद्ध दाद मागितली, परंतु १८८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदाच उचलून धरिला. १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर ह्या शिक्षकानें, स्वतः डॉक्टर नसतां, अमेरिका व कॅनडा येथील १५५ विद्यालयें पाहून परखड अहवाल लिहिला. अनेक निकृष्ट विद्यालयें त्यानंतर बंद पडलीं. मात्र कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकीं दोनच टिकविण्याजोगीं आहेत, असें त्यानें ठरविलें. उरलेलीं बंद पडल्यानें त्या समाजास डॉक्टरांची उणीव दीर्घकाळ भासली, हेंही विसरतां येत नाहीं. आणि इतकें होऊनही १९२३ सालीं एका बातमीदारानें पदव्यांचा तोच बाजार पुन्हां उघडकीस आणिला!

ब्युकॅननच्या त्याच फिलाडेल्फियांत, अवघ्या तीन वर्षांनीं, आपल्या आनंदीबाई जोशी शिकावयास गेल्या. परकी थंडी व ढासळती प्रकृति सोसून, रीतसर अभ्यास करून त्यांनीं १८८६ सालीं एम्. डी. पदवी मिळविली, पुढल्याच वर्षीं त्या निवर्तल्या. एकाच शहरांत एकास जी पदवी पैशानें मिळे, तिच्यासाठीं दुसरीनें आयुष्य वेंचिलें.

म्हणून आमची विनंती एवढीच कीं, चौकट पाहून थांबूं नये. डॉक्टराचें नांव वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. खऱ्या डॉक्टरास ह्या चौकशीचा राग येणार नाहीं.