वॉरंटी संपली, हक्क नाही

ज्वारी काढून रान मोकळे झाले, नांगरटीला ट्रॅक्टर लावला आणि लिफ्ट उचलेना. एजन्सीवाल्याने कागद पाहिला. वॉरंटी संपून सव्वा महिना झालेला! नव्या पंपाचा सगळा खर्च शेतकऱ्याच्या माथी. गेल्या बैठकीत हे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या भावाला आम्ही एवढेच विचारले, लिफ्ट पहिल्यांदा कधी अडली? "पहिल्याच हंगामात. तीनदा सांगितलं. मिस्त्री म्हणाला, तेल बदला." कुठे लिहून घेतले? कुठेच नाही.

इथेच आपण हरतो. दोष वॉरंटीत दिसला आणि तेव्हाच नोंदला, तर मुदत संपल्याचे सांगून कंपनीला सहजी हात झटकता येत नाहीत. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहायला लावा. तारीख, मीटरवरचे तास, सही-शिक्का घ्या आणि प्रत घरी आणा. कापसाची काटापट्टी जपता तशी जपा. बदललेला जुना भागही मागून घ्या. उद्या तपासणी झाली तर तोच साक्षीदार.

क्लच प्लेट, ब्रेक लायनर झिजले तर तो आपलाच खर्च, त्यावर भांडू नये. पण गिअर किंवा पंप दोन हंगामांत गेला तर शंका बनावटीची घ्यावी आणि खर्चात वाटा उचला म्हणून थेट कंपनीला लेखी मागावे, पोच घेऊन. मोटारगाडीवाले असा वाटा मागतात, काहींना मिळतोही. कापसाच्या भावासाठी रस्ता अडवणारे आपण, एजन्सीच्या काउंटरवर मात्र साहेब साहेब करतो.

कंपनीने ऐकले नाही तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. कंपनीची कचेरी कुठेही असो, दावा आपल्याच जिल्हा आयोगात लावता येतो. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र 2 वर्षांची. भाड्याने नांगरटी करणाऱ्याला "हा धंदा, हा ग्राहक नव्हे" असे ऐकवतील. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेले यंत्र कायदा त्यात धरत नाही.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने 2022 साली समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची यंत्रे होती. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने तर 2023 साली कायदाच केला : शेतीयंत्राचे सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती कंपनीने शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यायची. आपली मागणी याहून वेगळी नाही.

पुढच्या बैठकीला येताना जॉबकार्डे, पावत्या पिशवीत घालून आणा. एकाच मॉडेलच्या एकाच दोषाची पाच-दहा कार्डे निघाली, तर अर्ज एकत्रच लिहू.