पाचगणीच्या नावावर विमान

लहान गावांना विमानसेवा मिळावी म्हणून सरकारने आपल्या तिजोरीतून तोटा भरून द्यावा काय, हा विषय निघाला की आमच्या सातारा जिल्ह्यात तत्काळ दोन पक्ष पडतात. विमानात बसणारा सुखवस्तू, तेव्हा त्याच्या तिकिटाचा भार एस. टी.त उभ्याने जाणाऱ्याने का सोसावा, असे पहिला पक्ष विचारतो. दुसरा म्हणतो, कऱ्हाडची धावपट्टी वाढवा, अनुदान आणा, म्हणजे पाचगणी-महाबळेश्वर जगाशी जोडले जाईल. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत. दुसरा अंमळ अधिकच.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. 2016 साली जाहीर झालेल्या 'उडान' योजनेतील तोटा भरून देण्याचा मोठा भाग मोठ्या मार्गांवरील विमानफेऱ्यांवर बसविलेल्या आकारणीतून येतो, आणि राज्याच्या वाट्यास सामान्यतः त्याचा पंचमांशच पडतो. म्हणजे दिल्ली-मुंबईचा प्रवासीच नांदेडच्या प्रवाशाचे देणे फेडतो. शिवाय ज्या राज्याने 2023 पासून एस. टी.च्या भाड्यात महिलांना निम्मी सवलत देऊन तिची भरपाई स्वतःकडे घेतली, त्या राज्यात सरकारने तोटा सोसणे हेच मुळी गैर, असे म्हणण्यास तोंड कोणास उरते? पसरणीच्या घाटाची डागडुजी करताना भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या गाड्यांपासून किती नफा झाला, याचा हिशेब बांधकाम खात्याने कधी मागितल्याचे ऐकिवात नाही.

परंतु अनुदान तत्त्वतः योग्य ठरले म्हणून ते जेथे मागाल तेथे योग्य ठरते, असे नाही. आणि येथेच दुसऱ्या पक्षाची गफलत आहे. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे या योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या 371 पैकी अनुदानाची तीन वर्षांची मुदत 112 मार्गांनी पुरी केली, आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत 54 मार्ग तेवढे तगले. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाची मुंबईसेवा ऑक्टोबर 2021 मध्ये वाजतगाजत सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत सरताच बंद पडली. अमेरिकेने 1978 मध्ये लहान गावांसाठी असेच अनुदान दहा वर्षांच्या बोलीने सुरू केले. ते आजतागायत चालू आहे. जे गाव खरोखर दूर आहे, त्याची सेवा तीन वर्षांत नफ्यात येत नसते. ज्याची येते, त्यास बहुधा अनुदानाची गरजच नव्हती. त्याच अमेरिकेने मोठ्या विमानतळापासून सत्तर मैलांच्या, म्हणजे सुमारे 113 किलोमीटरांच्या, आतील गावास सामान्यतः वगळले आहे.

हे माप पाचगणीस लावून पाहा. पुण्याहून पाचगणी शंभरएक किलोमीटर, कऱ्हाडहूनही जवळपास तितकीच. आणि दोहोंकडून येणाऱ्यास बहुधा अखेर वाई गाठून तोच पसरणीचा घाट चढावा लागतो. मुंबईच्या पालकाने आपले मूल येथील निवासी शाळेत पोहोचविण्यासाठी विमानाने कऱ्हाडास उतरून तेवढीच सडक तुडवावी, यात त्याचा किती वेळ वाचणार? पाचगणीच्या टेबललँड पठारावर हेलिकॉप्टर उतरविण्याची कल्पनाही कोणी कोणी बोलून दाखवितात. 2001 पासून हा सारा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे आणि आषाढात येथे समोरचा माणूस दिसत नाही, एवढे सांगून ती सोडून देऊ. कऱ्हाडचा दावा असेल तर तो कऱ्हाडच्या नावाने, पाटण-कडेगावच्या गरजेने मांडावा, आणि कोल्हापूरचे विमानतळ ऐंशीएक किलोमीटरवर असताना तो टिकतो का, हेही तपासावे. पाचगणीचे नाव पुढे करून धावपट्टीसाठी जमिनी मागू नयेत.

अनुदानावर पहिला हक्क, नागपूरपासून 170 किलोमीटर आत असलेल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्याचा. तेथे ते तीन वर्षांच्या मुदतीने देऊ नये. निकड आहे तोवर चालू ठेवण्याची तरतूद दरसाल अंदाजपत्रकात करावी. पाचगणीस हवी आहे ती पुण्याच्या विमानतळावरून निघणारी, विमानांच्या वेळांशी जुळणारी थेट एस. टी.; तिचा तोटा विमानसेवेच्या अनुदानाच्याच निधीतून भरावा, आणि पावसाळ्यात ती निम्मी रिकामी धावली म्हणून आगारप्रमुखांनी तिची फेरी रद्द करू नये.